रंगमंचावरून मूकपटाकडे : दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले

घटक ४ : मराठी रंगभूमी आणि आरंभीचा मूकपट

४.० उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला

• संगीत रंगभूमी आणि मूकपट या दोन माध्यमांतील अभिनयाचा फरक सांगता येईल.
• ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटातील दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई यांच्या सहभागाचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• स्त्रीभूमिका कोणी करायच्या, हा प्रश्न तंत्राचा की समाजाचा, याची चिकित्सा करता येईल.
• या इतिहासाच्या प्रकाशात आपल्या परिसरातील झाडीपट्टी रंगभूमीकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहता येईल.

४.१ प्रास्ताविक

तुमच्यापैकी जे चंद्रपूर, गडचिरोली या वनजिल्ह्यांत राहतात, त्यांना नाटक म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. धानाची कापणी-मळणी उरकली की वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगावी मंडप उभे राहतात. कुठे शंकरपट असतो, कुठे मंडई असते आणि रात्री नाटक. देसाईगंज-वडसा येथून निघालेली मंडळी मालमोटारीत सामान घालून एका गावातून दुसऱ्या गावी जातात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि प्रेक्षक घोंगडी, चादरी पांघरून शेवटच्या प्रवेशापर्यंत बसून राहतात. या रंगभूमीवर विनोदी भूमिकांनी नाव मिळवलेले गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता अशी कल्पना करा, की या रंगमंचावरचा आवाज एकाएकी काढून घेतला आहे. गाणे नाही, संवाद नाही, पेटी-तबला नाही. समोर प्रेक्षकही नाहीत, फक्त एक यंत्र आहे. अशा वेळी नटाजवळ काय उरते? सुमारे एकशे दहा वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीवरील एका आईसमोर आणि तिच्या मुलीसमोर हाच प्रश्न उभा राहिला होता. दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या त्या दोघी. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रिया म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परंतु ‘पहिल्या’ एवढ्या एका शब्दाने त्यांच्या कामाचा अर्थ उलगडत नाही. तो उलगडणे हा या घटकाचा हेतू आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ १९१३ सालचे दोन प्रवाह

मराठी रंगभूमीच्या इतिहासात १९१३ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. याच वर्षी नारायणराव राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांच्या गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने सुरू झालेली संगीत नाटकाची परंपरा तेव्हा ऐन भरात होती. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे हा त्या परंपरेचा संकेत होता आणि बालगंधर्वांनी तो शिगेला नेला.

त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईत गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या फाळके यांनी चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग अशा अनेक कलांचा अभ्यास केला होता. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी चित्रपटनिर्मितीचे तंत्र आणि यंत्रसामग्री मिळवली. घरातील सर्व जण या उद्योगात उतरले होते. पत्नी सरस्वतीबाई कलावंतांचा स्वयंपाक करत आणि चित्रफितीवरील तांत्रिक कामेही करत.

फाळके यांना पैसा मिळाला, यंत्र मिळाले, नट मिळाले. मिळाली नाही ती तारामती. त्या काळी नाटकातच कुलीन घरातील स्त्री उभी राहत नव्हती, तेथे या नव्या धंद्यात कोण येणार? फाळके यांनी कलावंतिणींच्या वस्तीतही विचारणा केली, पण तेथेही त्यांना यश आले नाही. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात आचारी असलेल्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामतीची भूमिका केली. म्हणजे रंगभूमीवरचा संकेत चित्रपटातही जसाच्या तसा आला.

४.२.२ दुर्गाबाई आणि कमलाबाई

‘राजा हरिश्चंद्र’च्या यशानंतर फाळके यांनी १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये आपले बिऱ्हाड आणि निर्मितीचे ठिकाण मुंबईहून नाशिकला हलवले. तेथे तयार झालेला पहिला कथापट म्हणजे ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात पार्वतीची भूमिका दुर्गाबाई कामत यांनी आणि मोहिनीची भूमिका कमलाबाईंनी केली. कमलाबाई त्या वेळी सुमारे तेरा वर्षांच्या होत्या.

दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या होत्या आणि मुलीला एकट्याने वाढवत होत्या. अशा स्त्रीला त्या काळात पोटापाण्याचे मार्ग किती होते, याचा विचार करा. शिक्षण नाही, नोकरी नाही आणि नातेवाइकांच्या घरी राहायचे तर आश्रिताचे जिणे. दुर्गाबाईंनी फिरत्या नाटक मंडळीची वाट धरली. समाजाने ज्या वाटेवर स्त्रीच्या अब्रूची पाटी पुसून टाकली होती, तीच वाट त्यांना भाकरी देणारी ठरली. कमलाबाईंचे बालपण मंडळीच्या बिऱ्हाडातच गेले आणि अगदी लहान वयापासून त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. चित्ताकर्षक नाटक मंडळीत मायलेकी काम करत होत्या, तेव्हा फाळके यांना त्यांचे साहाय्य मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या दोघी चित्रपटात आल्या त्या एखादी क्रांती करावी म्हणून नव्हे. त्या व्यावसायिक कलावंत होत्या. नाटक मंडळीच्या व्यवसायात असल्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाची किंमत त्यांनी आधीच मोजलेली होती. चित्रपटाला पहिल्या अभिनेत्री मिळाल्या त्या रंगभूमीमुळे, हे विधान त्यामुळेच सार्थ ठरते.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> अ) फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी अभिनेत्री का मिळू शकली नाही?
> आ) ‘चित्रपटाला पहिल्या अभिनेत्री रंगभूमीमुळे मिळाल्या’ हे विधान तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.

४.२.३ कथेची निवड : मोहिनीच का?

भस्मासुराची कथा तुम्ही कीर्तनात, दंडारीत किंवा घरच्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकली असेल. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, असा वर भस्मासुर शंकराकडून मिळवतो आणि तो वर शंकरावरच आजमावू पाहतो. तेव्हा विष्णू मोहिनीचे रूप घेतो. मोहिनी नाचते आणि भस्मासुर तिचे अनुकरण करू लागतो. नाचता नाचता ती आपला हात आपल्या मस्तकावर ठेवते. भस्मासुरही तसेच करतो आणि भस्म होतो.

ही कथा मूकपटाच्या दृष्टीने तपासून पाहा. कथेचा निर्णायक क्षण शब्दांचा नाही, हाताचा आहे. मोहिनी काय बोलली याला महत्त्व नाही. तिने हात कोठे ठेवला याला आहे. शाकुंतलातील शकुंतला किंवा ‘मानापमान’मधील भामिनी गाण्यावाचून अपुरी वाटेल, मोहिनी मात्र मुक्यानेही पुरी होते. शिवाय कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असल्याने पडद्यावरील लेखी मजकूर थोडका असला तरी भागत होते. ज्या समाजात अक्षरओळख फारच थोड्यांना होती, तेथे ही मोठीच सोय होती. जो पाहायचा तो चमत्कार, म्हणजे भस्म होणे, हाही कॅमेऱ्याच्या युक्त्यांना साजेसा होता.

आणखी एक गंमत आहे. मोहिनी ही मुळात स्त्री नाही. ती स्त्रीरूप घेतलेला विष्णू आहे. रंगमंचावर पुरुष स्त्रीचे रूप घेत होते. येथे प्रत्यक्षातील एक मुलगी, स्त्रीचे रूप घेतलेल्या पुरुषदेवतेची भूमिका करत होती. भारतीय पडद्यावर स्त्रीने केलेल्या पहिल्या भूमिकांपैकी एक अशी दुहेरी वेषांतराची असावी, हा योगायोग असेल. पण रंगभूमीच्या संकेतांचा अभ्यास करणाऱ्याने तो नजरेआड करू नये.

४.२.४ आवाजाविना अभिनय

संगीत नाटकातील नटाचे भांडवल म्हणजे आवाज. पद रंगले की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत आणि नट तेच पद पुन्हा गात असे. प्रयोगाची लांबी अशा रीतीने प्रेक्षकही ठरवत. मूकपटात ही सत्ता प्रेक्षकाकडून यंत्राकडे गेली. हा बदल चार मुद्द्यांत समजून घेऊ.

१) अंतर : नाटकात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी हातवारे मोठे आणि रंगभूषा ठळक असावी लागते. पेट्रोमॅक्सच्या किंवा गॅसच्या उजेडात जे शोभते, तेच कॅमेऱ्यासमोर भडक दिसू शकते. कॅमेरा जवळ येऊ लागला तसा चेहऱ्याचा सूक्ष्म हालचालींचा अभिनय महत्त्वाचा ठरला. फाळके यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. त्या चित्रपटाच्या आरंभीच तिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांना मुद्दाम दाखवले आहेत. चेहरा हाच चित्रपटाचा रंगमंच, हे जणू फाळके सांगत होते.

२) क्रम : नाटकात नट पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत भावनेची चढण चढत जातो. चित्रीकरणात हा क्रम मोडतो. दृश्ये सोयीप्रमाणे घेतली जातात आणि नंतर जोडली जातात. त्यामुळे प्रत्येक तुकड्याचा भाव नटाला स्वतंत्रपणे जागवावा लागतो.

३) वेळ : त्या काळी चित्रीकरण सूर्यप्रकाशात होई. रात्रीच्या प्रयोगाची सवय असलेल्या नटाला दिवसाच्या उन्हात डोळे न मिचकावता भाव दाखवावे लागत. फीत महाग होती. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला १६ चौकटी हा वेग धरला तर एक फूट फीत एका सेकंदात संपते. ‘मोहिनी भस्मासुर’ची लांबी ३,२४५ फूट नोंदलेली आहे, म्हणजे या हिशेबाने तो साधारण ५४ मिनिटांचा होतो. यंत्र हाताने फिरवले जात असल्याने प्रत्यक्षातला वेळ कमीजास्त होई. रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या तुलनेत ही मर्यादा किती कडक होती, हे तुमच्या लक्षात येईल.

४) प्रतिसाद : रंगमंचावर टाळी तत्काळ मिळते. कॅमेऱ्यासमोर शांतता असते. नटाला आपले काम रंगले की पडले, हे कित्येक दिवस कळत नाही. उलट, एकदा चित्रित झालेली भूमिका नटाच्या अनुपस्थितीतही गावोगाव फिरते.

हा अनुभव केवळ मराठी नटांचा नव्हता. फ्रान्समधील जगद्विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांची कीर्ती त्यांच्या आवाजावर उभी होती. त्यांनीही १९१२ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिच्यावरील मूकपटात प्रमुख भूमिका केली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. तो आवाज पडद्यावर अर्थातच आला नाही. आले ते रंगमंचावरचे भव्य हातवारे. विशेष म्हणजे याच अभिनेत्रीने पूर्वी शेक्सपिअरच्या हॅम्लेटची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली होती आणि त्यातील द्वंद्वयुद्धाचा प्रसंग १९०० साली चित्रितही झाला होता. पुरुषाने स्त्री व्हायचे की स्त्रीने पुरुष, हा संकेत देशोदेशी वेगळा होता. आवाज गमावण्याची अडचण मात्र सर्वत्र सारखीच होती.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> अ) भस्मासुराची कथा मूकपटाला अनुकूल का ठरते?
> आ) रिकाम्या जागा भरा : ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात …… चौकटी असतात. ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्णाची भूमिका …… यांनी केली.

४.२.५ एका सोप्या निष्कर्षाची तपासणी

आतापर्यंतच्या विवेचनावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, की कॅमेरा जवळ आल्यावर पुरुषाचे स्त्रीरूप टिकेना आणि म्हणून स्त्रिया चित्रपटात आल्या. हा निष्कर्ष आकर्षक आहे. पण पुरावा त्याला पूर्णपणे साथ देत नाही.

‘मोहिनी भस्मासुर’नंतरही अण्णा साळुंके स्त्रीभूमिका करत राहिले. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या आणि तो चित्रपट कमालीचा लोकप्रिय झाला. म्हणजे कॅमेरा जवळ येऊनही प्रेक्षकांनी पुरुषाची सीता मनापासून स्वीकारली. संकेत मोडायला केवळ यंत्र पुरत नाही. समाजाची तयारी लागते. पुढे १९२० साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेल्या ‘सैरंध्री’त स्त्रियांनी भूमिका केल्या. बाबूराव स्वतः नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत या क्षेत्रात आले होते, हेही येथे नोंदवून ठेवा. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. अण्णा साळुंके यांच्या तारामतीपासून दुर्गा खोटे यांच्या तारामतीपर्यंत एकोणीस वर्षे गेली. त्या बोलपटातील हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे, ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे. पडद्याला आवाज फुटताच रंगभूमीवरील गाणे पुन्हा दारात येऊन उभे राहिले.

दुसरी बाजू बालगंधर्वांची. १९३५ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. आवाज होता, कीर्ती होती, उत्तम निर्मितीसंस्था होती. तरीही त्यांचा जीव रंगमंचावरच रमला. तेव्हा नाटकातून चित्रपटात जाणे ही सरळ ‘प्रगती’ होती, असे समजणे योग्य नाही. कलावंत माध्यम बदलतो तेव्हा काही कमावतो, काही गमावतो. अभ्यासकाने दोन्ही रकाने भरायचे असतात.

४.२.६ नंतरचे आयुष्य आणि उरलेली स्मृती

‘मोहिनी भस्मासुर’नंतर कमलाबाई पुन्हा रंगमंचाकडे वळल्या. नाटक मंडळीतील रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तरुणपणीच वैधव्य आले आणि तीन मुलांचा भार त्यांच्यावर पडला. आईच्या आयुष्यातील प्रश्न वेगळ्या रूपात मुलीपुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तरही तेच होते : तोंडाला रंग लावून उभे राहणे. पुढील काळात त्यांनी नाटकांबरोबर अनेक चित्रपटांतही कामे केली. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले ज्येष्ठ नट म्हणून आणि लालजी गोखले तबलावादक म्हणून नावारूपाला आले. विक्रम गोखले हे त्यांचे नातू. कमलाबाईंच्या वृद्धापकाळात रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांचा आवाज आणि त्यांच्या आठवणी आज आपल्यापर्यंत पोहोचतात.

मात्र ‘मोहिनी भस्मासुर’ हा संपूर्ण चित्रपट आज पाहायला मिळत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उरले आहेत. जुनी नायट्रेट फीत लवकर पेट घेई, ओलसर हवेत सडे. कित्येक फिती तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी वितळवल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. ज्या माध्यमाने अभिनय कायमचा टिपून ठेवण्याचे आश्वासन दिले, त्याच माध्यमातील हा अभिनय हरवला. मागे उरली ती माणसांची आठवण.

४.२.७ आपल्या परिसराकडे पाहताना

हा इतिहास चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने का अभ्यासावा? कारण यातील प्रश्न तुमच्या अंगणातील आहेत. दंडारीत पुरुष स्त्रीवेष घेत आले. झाडीपट्टीच्या नाटकांतही पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करत. आज त्या अभिनेत्री करतात. हंगामात रोज नव्या गावी मुक्काम, रात्रभर काम, दिवसा प्रवास आणि मुलाबाळांची सोय, या अडचणी दुर्गाबाईंच्या काळातील वाटतात. पण त्या आजच्याही आहेत. प्रेक्षक जिला रात्री डोक्यावर घेतात, तिच्याकडे गाव दिवसा कसे पाहते, हा प्रश्न अजून पुरता जुना झालेला नाही.

आज भ्रमणध्वनीवर नाटकाचे तुकडे चित्रित होतात आणि दूरवर पोहोचतात. आवाज आहे, रंग आहे. तरीही मंडपातील थंडी, झाडीबोलीतील विनोदावर एकदम उसळणारे हसू आणि पहाटेची पेंगुळलेली शांतता त्या चौकटीत मावत नाही. चौकटीत काय आले आणि बाहेर काय राहिले, हे पाहण्याची दृष्टी तुम्हाला मूकपटाच्या अभ्यासातून मिळेल.

४.३ सारांश

मराठी रंगभूमीने आरंभीच्या चित्रपटाला कथा, संकेत, पडदे आणि माणसे दिली. दुर्गाबाई कामत व कमलाबाई या मायलेकींनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये भूमिका करून पडद्यावर स्त्रीला स्थान मिळवून दिले. आवाज हे भांडवल बाजूला ठेवून त्यांना चेहरा व देहबोली यांवर भिस्त ठेवावी लागली. तथापि त्यांच्या एका चित्रपटाने जुना संकेत संपला नाही. तो समाजाच्या गतीने बदलला. उपजीविकेची गरज, प्रतिष्ठेची भीती आणि कलेची ओढ या तिन्हींचा एकत्र विचार केल्याशिवाय हा इतिहास समजत नाही.

४.४ पारिभाषिक शब्द

मूकपट – ध्वनिमुद्रण नसलेला चित्रपट. प्रदर्शनाच्या वेळी चित्रगृहात वाद्ये वाजवली जात.
संकेत – कलाकृतीत प्रेक्षक आणि कलावंत यांनी परस्पर मान्य केलेली पद्धत.
बोलपट – संवाद व संगीत ध्वनिमुद्रित असलेला चित्रपट.
दंडार – झाडीपट्टीतील नृत्य, गीत व संवाद असलेला लोकनाट्यप्रकार.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१) संगीत नाटक आणि मूकपट यांतील अभिनयाची तुलना चार मुद्द्यांच्या आधारे करा.
२) ‘नाट्यसंकेत यंत्रामुळे नव्हे, समाजामुळे बदलतात.’ ‘लंकादहन’ आणि ‘अयोध्येचा राजा’ यांच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.
३) दुर्गाबाई व कमलाबाई यांच्या जीवनातील साम्य सांगून त्यांच्या व्यवसायनिवडीमागील कारणे स्पष्ट करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एखाद्या वयोवृद्ध नटाला, नटीला किंवा पेटीवादकाला भेटा. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत नोंदवा : पहिली भूमिका कोणती, स्त्रीभूमिका कोण करत असे, मानधन किती मिळे, गावात फिरता सिनेमा पहिल्यांदा केव्हा आला आणि तेव्हा नाटकाचे काय झाले. टिपणाला तारीख आणि गावाचे नाव घाला. तुम्ही लिहिलेली चार पाने त्या कलावंताच्या कामाची कदाचित एकमेव लेखी नोंद असेल. म्हणून हे काम परीक्षा संपेपर्यंत लांबणीवर टाकू नका.